आंतरतारकीय बर्फातील सेंद्रिय रेणूंचे अवरक्त वर्णपट: मुंबईतील प्रयोगशाळेसाठी कार्यपद्धती

ज्या दाट आण्विक मेघांत तारे जन्माला येतात, तेथील तापमान सुमारे १० केल्विन, म्हणजे उणे २६३ अंश सेल्सिअस, इतके खाली असते. तेथील सिलिकेट आणि कार्बनच्या सूक्ष्म धूलिकणांवर पाणी, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायॉक्साइड, मिथेनॉल, अमोनिया आणि मिथेन यांचा बर्फ साचत जातो. मेघामागच्या ताऱ्याचा किंवा मेघातच दडलेल्या नवजात ताऱ्याचा अवरक्त प्रकाश या बर्फातून बाहेर पडताना ठरावीक तरंगलांब्यांवर शोषला जातो. पाण्याच्या बर्फाचा ३.१ मायक्रॉनजवळचा पट्टा १९७३ साली मृग नक्षत्रातील एका तेजस्वी अवरक्त स्रोताच्या दिशेने ओळखला गेला. डिसेंबर २०२१ मध्ये अवकाशात गेलेल्या जेम्स वेब दुर्बिणीने हा शोध मोठ्या सेंद्रिय रेणूंपर्यंत नेला असून, २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत दोन बालताऱ्यांभोवतीच्या बर्फात ॲसिटाल्डिहाइड, इथेनॉल आणि मिथाइल फॉर्मेट यांच्या खुणा सांगितल्या गेल्या आहेत. मात्र दुर्बिणीला वर्णपटात दिसलेला शोषणाचा खड्डा कोणत्या रेणूचा, हे दुर्बीण सांगत नाही. तोच रेणू, तशाच थंडीत, तशाच मिश्रणात पृथ्वीवर गोठवून घेतलेला वर्णपट शेजारी ठेवल्याशिवाय त्या खड्ड्याला नाव देता येत नाही.

एम.एस्सी.चा प्रकल्प किंवा पीएच.डी.चे पहिले वर्ष चालू असलेल्या, आणि एफटीआयआर (फूरिये-रूपांतर अवरक्त) वर्णपटमापक व लहान क्रायोस्टॅट (नमुना अतिशय थंड ठेवणारे उपकरण) हाताशी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी ही कार्यपद्धती लिहिली आहे. या प्रयोगात वर्णपट मिळवणे फारसे अवघड नाही. क्रायोस्टॅटमधल्या ज्या थंड, पारदर्शक खिडकीवर बर्फ साचवतात तिच्यावर नेमके काय साचले आहे आणि किती साचले आहे, हे छातीठोकपणे सांगता येणे अवघड आहे. मुंबईत ते अधिकच अवघड होते, कारण बर्फाचा मुख्य घटक असलेले पाणीच येथील हवेतून, बाटलीतून आणि डिटेक्टरमधून आत शिरते आणि वर्णपटात खऱ्या निष्कर्षाच्या थाटात मिरवते.

आधी पट्टा निवडावा, मग रेणू गोठवावा

ज्याला अजून क्रायोस्टॅट मिळालेला नाही त्याने वाट पाहत बसू नये. नेदरलँड्समधील लायडेन येथील बर्फ-वर्णपटांचा संग्रह सर्वांना खुला आहे. त्यातले वर्णपट उतरवून घेऊन हा निवडीचा भाग घरबसल्या पुरा करता येतो. साध्या एफटीआयआरवर हात बसवायचा असेल तर पवईच्या आयआयटीतील सामायिक उपकरण सुविधेसारखे पर्याय शहरात आहेत. देशात अशा बर्फांवर प्रत्यक्ष काम करणारी जवळची जागा म्हणजे अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा.

ॲसिटाल्डिहाइडचे उदाहरण घेऊ. त्याचा सर्वांत जोरकस पट्टा कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाचा, तरंगसंख्येच्या (एका सेंटिमीटरमधील तरंगांची संख्या) मापात १७२३ प्रति सेंमीजवळ, म्हणजे ५.८ मायक्रॉनवर आहे. प्रयोगशाळेत तो इतका ठळक दिसतो की नवखा विद्यार्थी त्याच्याच प्रेमात पडतो. आकाशात मात्र त्याच ठिकाणी फॉर्मिक आम्ल आणि फॉर्माल्डिहाइड यांचे पट्टे आहेत आणि शेजारी १६६० प्रति सेंमीवर पाण्याचा रुंद पट्टा पसरलेला आहे, त्यामुळे तेथे ॲसिटाल्डिहाइड वेगळे काढता येत नाही. १४३० प्रति सेंमीजवळचा दुसरा पट्टा ६.८५ मायक्रॉनच्या त्या जाड पट्ट्याच्या कडेला पडतो, ज्याचे श्रेय मुख्यतः अमोनियम आयनाला दिले जाते. ११२२ प्रति सेंमीचा तिसरा पट्टा अमोनिया आणि सिलिकेट यांच्या गर्दीत हरवतो. उरतो तो मिथाइल गटाच्या वाकण्याचा १३४६ प्रति सेंमीजवळचा, ७.४३ मायक्रॉनचा, तुलनेने दुबळा पट्टा. निरीक्षकांच्या उपयोगी पडतो तो हाच, म्हणून सगळा प्रयोग या पट्ट्याभोवती आखावा लागतो.

येथेही एक भागीदार आहेच. फॉर्मेट आयनाचे पट्टे १३५३ आणि १३८५ प्रति सेंमीजवळ येतात, आणि दुसऱ्याच्या जवळच इथेनॉलचाही एक पट्टा असतो. म्हणून ७.४ मायक्रॉनचा पट्टा एकटा पाहून निकाल देऊ नये. ७.२ मायक्रॉनजवळ काय दिसते, आणि ते किती प्रमाणात दिसते, हे सोबत पाहिले तरच वाटणी करता येते. सर्वांत उंच पट्टा निवडण्याचा मोह मला या विषयातला सर्वांत महागडा मोह वाटतो, कारण त्यामुळे महिनोन्महिने उत्तम दर्जाची पण निरुपयोगी मोजमापे गोळा होतात.

खिडकी, थंडी, निर्वात

बर्फ साचवण्यासाठी झिंक सेलेनाइडची खिडकी घ्यावी. पोटॅशियम ब्रोमाइड आणि सीझियम आयोडाइड हे अधिक दूरच्या अवरक्तापर्यंत पारदर्शक असतात खरे, परंतु दोन्ही हवेतले पाणी शोषतात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये त्यांचा तजेला बघता बघता जाऊन पृष्ठभाग दुधाळ होतो. कॅल्शियम फ्लोराइडला पाण्याची भीती नाही, पण ते साधारण ११०० प्रति सेंमीच्या खाली अपारदर्शक होते, म्हणजे मिथेनॉलचा १०२६ चा पट्टाच हातचा जातो. झिंक सेलेनाइड सुमारे ५०० प्रति सेंमीपर्यंत चालते. त्याला आम्लाचा स्पर्श होऊ देऊ नये, कारण विषारी हायड्रोजन सेलेनाइड तयार होतो.

या खिडकीची एक खोड मात्र आधीच माहीत असावी. तिचा अपवर्तनांक २.४ च्या आसपास असल्यामुळे २ मिमी जाडीच्या समांतर पृष्ठभागांमध्ये प्रकाश मागेपुढे परावर्तित होऊन वर्णपटावर जवळपास १ प्रति सेंमी अंतराच्या बारीक लाटा उठतात. ०.५ प्रति सेंमीच्या रिझोल्यूशनवर (वेगळा ओळखता येणारा सर्वांत लहान फरक) त्या स्पष्ट दिसतात आणि २ वर नाहीशा होतात. पाणी मिसळलेल्या बर्फातले पट्टे पुरेसे रुंद असल्यामुळे तेथे १ ते २ चे रिझोल्यूशन पुरते. शुद्ध कार्बन मोनॉक्साइडचा २१३९ प्रति सेंमीवरचा पट्टा मात्र अवघा दोन-तीन एकके रुंद असतो, त्यासाठी ०.५ लागते, आणि मग किंचित तिरपे पृष्ठभाग असलेली खिडकी मागवणे शहाणपणाचे ठरते.

खिडकी तांब्याच्या धारकात इंडियमचा पातळ पत्रा घालून घट्ट बसवावी. तापमापक बहुधा धारकावर असतो, खिडकीवर नसतो, आणि दोहोंत काही केल्विनचा फरक सहज पडतो. तो पकडण्याची सोपी कसोटी म्हणजे शुद्ध कार्बन मोनॉक्साइड थोडा साचवून हळूहळू तापवणे. तो ३० केल्विनच्या आसपास उडून गेला पाहिजे. तापमापक २२ दाखवत असतानाच पट्टा विरघळू लागला, तर खिडकी प्रत्यक्षात अधिक गरम आहे असे समजून धारक पुन्हा आवळावा.

क्रायोस्टॅट थंड करणाऱ्या हेलियम कॉम्प्रेसरला थंड पाण्याचा पुरवठा लागतो. पावसाळ्यात मुंबईच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या घरात असतो, त्यामुळे १५ अंशांचे पाणी वाहून नेणाऱ्या उघड्या नळ्या अक्षरशः ठिबकू लागतात. त्यांवर फोमचे आवरण चढवावे आणि त्यांच्या खाली विजेचे कोणतेही उपकरण ठेवू नये. निर्वातासाठी टर्बो पंपाच्या मागे तेलविरहित स्क्रोल पंप लावावा. तेलाचा रोटरी पंप स्वस्त पडतो, पण त्याची वाफ उलटी शिरून थंड खिडकीवर बसते आणि २८५० ते २९६० प्रति सेंमीच्या दरम्यान कार्बन-हायड्रोजन बंधांचे पट्टे उमटवते. सेंद्रिय रेणू शोधणाऱ्याला याहून वाईट भेट कोणती असणार! नागदेवी स्ट्रीटवर मिळणाऱ्या रबरी ओ-रिंग बाहेरच्या पाण्याच्या नळ्यांसाठी खुशाल वापराव्यात. निर्वात कक्षाच्या सांध्यांना मात्र तांब्याचे गॅस्केट किंवा निदान व्हिटॉनच (फ्लोरिनयुक्त रबर) हवे, आणि आतल्या कोणत्याही भागाला उघड्या हाताने शिवू नये.

चार प्रकारचे पाणी

३००० ते ३६०० प्रति सेंमीच्या भागात जे काही दिसेल त्याला "नमुन्यातले पाणी" असे म्हणण्याआधी ते आणखी तीन ठिकाणांहून येऊ शकते हे ध्यानात ठेवावे. या भागावर जितका वेळ द्यावा तितका थोडा आहे.

पहिली जागा कक्षातला उरलेला वायू. १०⁻⁸ मिलीबार दाबाला, आणि तो सगळा दाब पाण्याचाच आहे असे धरले तर, थंड खिडकीच्या दोन्ही बाजू मिळून पाण्याचा एक रेणवीय थर बसायला दोन-सव्वादोन मिनिटे लागतात. तीन तासांच्या प्रयोगात असे सुमारे ८० थर होतात. आपला नमुना १००० थरांचा आणि त्यात ॲसिटाल्डिहाइडचा वाटा विसात एक असेल, तर अभ्यासाचा रेणू अवघा ५० थरांचा, म्हणजे घुसखोरापेक्षाही कमी! उष्णतारोधक ढालीमुळे प्रत्यक्ष आकडा याहून लहान येतो, पण तो गृहीत धरू नये, मोजावा. मोजण्याची रीत अशी: काहीही न सोडता खिडकी १० केल्विनवर आणावी, बॅकग्राउंड (नमुन्याशिवायचा संदर्भ-वर्णपट) घ्यावा आणि प्रयोगाला जितका वेळ लागणार आहे तितका वेळ दर अर्ध्या तासाने वर्णपट घेत राहावे. ३२८० प्रति सेंमीजवळ रुंद उंचवटा वाढताना दिसेल. ८० थरांना त्याची उंची शोषणांकात (किती प्रकाश शोषला गेला याचे लघुगणकीय माप) ०.०२ च्या आसपास येते, म्हणजे ती चांगल्या यंत्रावर लपत नाही. कक्ष एक-दोन दिवस १०० अंशांच्या वर भाजून दाब १०⁻¹⁰ मिलीबारपर्यंत आणला, तर तेवढ्याच तीन तासांत जेमतेम एक थर बसतो. पावसाळ्यात कक्ष उघडावा लागला तर भाजण्याला पर्याय नाही, हे मार्गदर्शकांना आणि स्वतःच्या वेळापत्रकालाही आधीच सांगून ठेवावे.

दुसरी जागा वर्णपटमापकाच्या पेटीतली वाफ. ती ओळखायला सोपी आहे, कारण वायुरूप पाणी रुंद पट्टा देत नाही. १४०० ते १९०० आणि ३५०० ते ३९०० प्रति सेंमीच्या दरम्यान टोकदार रेषांचे रान उगवते. त्या रेषा दुहेरी बंधाच्या पट्ट्यावर थेट बसतात आणि १३५० च्या आसपासची आधाररेषाही कडेने कुरतडतात. कार्बन डायॉक्साइडचेही तसेच आहे: वायूचा पट्टा २३४९ च्या दोन्ही बाजूंना दोन खांदे दाखवतो, तर बर्फाचा २३४३ जवळ एकच शिखर देतो. उपाय म्हणजे पेटीतून कोरडा नायट्रोजन सतत वाहता ठेवणे. द्रव नायट्रोजनच्या टाकीतून उकळून निघणारा वायू यासाठी उत्तम, कारण तो मुळातच कोरडा असतो. सिलिका जेलच्या पिशव्या पेटीत ठेवून भागवण्याची रीत सर्वत्र दिसते. हिवाळ्यात ती जेमतेम चालते, श्रावणात मुळीच चालत नाही. पेटीचे झाकण उघडल्यानंतर रेषा स्थिर होईपर्यंत थांबावे, आणि बॅकग्राउंड व नमुना यांमधील अंतर शक्य तितके कमी ठेवावे.

तिसरी जागा फार कमी लोकांना सुचते, ती म्हणजे डिटेक्टर. द्रव नायट्रोजनने ७७ केल्विनपर्यंत थंड होणारा मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइडचा डिटेक्टर स्वतःच्या छोट्या निर्वात पात्रात बसवलेला असतो. काही वर्षांनी ते निर्वात ढासळते, आत शिरलेली वाफ थंड डिटेक्टरवरच गोठते, आणि ३२५० प्रति सेंमीजवळ पाण्याच्या बर्फाचा अस्सल पट्टा दिसू लागतो, आंतरतारकीय बर्फाशी कसलाही संबंध नसताना. भरल्यानंतर तासातासाला तो वाढत जातो, त्यामुळे नमुना तापवत असताना "पाणी वाढते आहे" असा चमत्कारिक निष्कर्षही निघू शकतो. तपासणी सोपी आहे: थंड खिडकी प्रकाशमार्गातून पूर्ण बाजूला सारावी, डिटेक्टर भरल्याबरोबर एक वर्णपट आणि चार तासांनी दुसरा घ्यावा आणि दोहोंचे गुणोत्तर काढावे. रिकाम्या मार्गातही ३२५० चा खड्डा आला, तर डिटेक्टरचे पात्र पुन्हा निर्वात करून घ्यावे लागेल. पूर्वी दिवसभर पुरणारा द्रव नायट्रोजन दुपारच्या जेवणाआधीच संपू लागणे, हीही त्याच दुखण्याची खूण.

या तिन्ही जागा तपासून झाल्या की उरते ते चौथे, म्हणजे आपण जाणूनबुजून सोडलेले पाणी. आणि त्याच्याचबद्दल लिहिण्याचा आपल्याला अधिकार असतो.

मिश्रण तयार करणे

ॲसिटाल्डिहाइड सुमारे २० अंशांना उकळते. मुंबईत वातानुकूलन बंद पडलेल्या खोलीत ते बाटलीतच उकळू लागेल, म्हणून बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, थंड असतानाच उघडावी आणि फार जुना साठा वापरू नये, कारण या द्रव्याचे आपोआप पॅराल्डिहाइड बनत जाते. त्यातली विरघळलेली हवा काढण्यासाठी काचेच्या नळीतला द्रव द्रव नायट्रोजनने गोठवावा, वरची हवा पंपाने ओढून घ्यावी, झडप बंद करून वितळू द्यावा, आणि हे चक्र तीनदा करावे. पाण्यासाठीही हेच करावे, फक्त गोठवताना नळी तळापासून हळूहळू बुडवावी, नाहीतर प्रसरण पावणारा बर्फ काच फोडतो.

द्रव नायट्रोजनमध्ये बुडवलेली नळी हवेशी जोडलेल्या अवस्थेत कधीही सोडू नये. ऑक्सिजन ९० केल्विनलाच द्रवरूप होतो, म्हणजे ७७ केल्विनच्या नळीत तो हवेतून साठत जातो, आणि सेंद्रिय द्रव्याबरोबर साठलेला फिकट निळा द्रव ऑक्सिजन स्फोटक असतो. कुलाब्याच्या टीआयएफआरसारख्या संस्थांत द्रवरूप वायूंची स्वतःची सुविधा आहे. अन्यत्र टाकी बाहेरून येते आणि लिफ्टने वर न्यावी लागते. तेव्हा टाकी एकटीच लिफ्टमध्ये पाठवावी आणि माणसांनी जिन्याने जावे. लिफ्ट मध्येच अडकली तर बंद जागेत नायट्रोजन ऑक्सिजनची जागा घेतो, आणि त्याला वास नसतो.

मिश्रण दाबाच्या प्रमाणात करावे. पाण्याचा बाष्पदाब २५ अंशांना सुमारे ३२ मिलीबार असतो. त्याच्या अर्ध्याहून वर जाऊ नये, नाहीतर पाणी नळीच्या भिंतींवर जमू लागते. १२ मिलीबार पाणी आणि ०.६ मिलीबार ॲसिटाल्डिहाइड म्हणजे वीसास एक. दाब मोजण्यासाठी कपॅसिटन्स गेज वापरावा. पिरानी गेजचे वाचन वायूनुसार बदलते, त्यामुळे मिश्रणासाठी ते कुचकामी आहे. एवढे करूनही पाणी स्टीलच्या भिंतींना चिकटून राहते आणि खिडकीवरचे प्रमाण मिश्रण साठवलेल्या फुग्यातल्या (पात्रातल्या) प्रमाणापेक्षा वेगळे पडते. दोन वायू दोन स्वतंत्र झडपांतून सोडणे हा उत्तम मार्ग. तो नसेल तर निबंधात फुग्यातले प्रमाण न देता वर्णपटावरून काढलेले प्रमाण द्यावे.

पाण्याबरोबरच कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेनॉल यांच्यातही तोच रेणू गोठवून पाहावा. पाण्यात हायड्रोजन बंधांमुळे दुहेरी बंधाचा पट्टा कमी तरंगसंख्येकडे सरकतो, तर १३४६ चा पट्टा काही एककांनी वर सरकतो. पट्ट्याची जागा आणि रुंदी शेजाऱ्यांवर अवलंबून असते, आणि आकाशातला रेणू कोणाच्या सहवासात गोठला याचा सुगावा तेथूनच लागतो. कार्बन मोनॉक्साइड विषारी आणि गंधहीन आहे. गजर देणारा संवेदक लावल्याशिवाय सिलिंडर उघडू नये.

साचवणे आणि मोजणे

खिडकी १० केल्विनवर स्थिर झाली की त्याच स्थितीत २५६ स्कॅनचा बॅकग्राउंड घ्यावा. खोलीच्या तापमानाला घेतलेला बॅकग्राउंड चालत नाही, कारण खिडकीची पारदर्शकता थंडीने बदलते. मग सूक्ष्म झडप उघडून कक्षातला दाब १०⁻⁶ मिलीबारपर्यंत वाढवावा. या दाबाला दोन्ही बाजू मिळून १००० थर साचायला २० ते २५ मिनिटे लागतात. वायू संपूर्ण कक्षात सोडला असेल तर बर्फ खिडकीच्या दोन्ही बाजूंना बसतो, आणि प्रकाश दोन्हींतून जातो. मोजलेली संख्या दोन्ही बाजूंची आहे हे नोंदवहीत ठळक अक्षरांत लिहावे.

किती रेणू साचले हे काढण्यासाठी पट्ट्याखालचे क्षेत्रफळ २.३०३ ने गुणून पट्टाशक्तीने (एक रेणू त्या पट्ट्यात किती शोषतो याचे माप) भागावे. शुद्ध मिथेनॉलच्या १०२६ च्या पट्ट्याची रूढ पट्टाशक्ती १.८ × १०⁻¹⁷ सेंमी प्रति रेणू आहे, क्षेत्रफळ ०.५ आले तर प्रत्येक चौरस सेंमीमागे ६.४ × १०¹⁶ रेणू होतात, आणि १०¹⁵ रेणूंचा एक थर या हिशेबाने ६४ थर. पाण्याच्या ३२८० च्या पट्ट्यासाठी २.० × १०⁻¹⁶ आणि कार्बन मोनॉक्साइडसाठी १.१ × १०⁻¹⁷ ही मूल्ये वापरतात. ही मूल्ये शुद्ध बर्फाची आहेत. मिश्रणात ती बदलतात, आणि जुन्या व नव्या मोजमापांतही फरक आहे, म्हणून कोणते मूल्य वापरले ते लिहिल्याशिवाय अंतिम संख्येला अर्थ नाही.

स्वतंत्र पडताळा हवा असेल तर ६३२.८ नॅनोमीटरचा हेलियम-निऑन लेसर जवळजवळ सरळ पाडून परावर्तित तीव्रतेचे चढउतार नोंदवावेत. बर्फाचा अपवर्तनांक १.३ धरला तर एका पूर्ण चढउताराला सुमारे २४३ नॅनोमीटर जाडी वाढते. एका बाजूला पाण्याचे १००० दाट थर म्हणजे साधारण ०.३ मायक्रॉन, तेव्हा एक-सव्वा चढउतार दिसला पाहिजे. कोणत्याही पट्ट्याचा शोषणांक १ च्या वर जाऊ देऊ नये. दुसऱ्या बाजूला, १००० थरांत वीसास एक असलेल्या ॲसिटाल्डिहाइडचा ७.४ मायक्रॉनचा पट्टा जेमतेम शतांशाच्या घरात येतो, त्यामुळे गोंगाट त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही बराच खाली हवा. स्कॅन वाढवावेत, पण इतकेही नाहीत की तेवढ्या वेळात कक्षातले पाणी येऊन बसेल.

काही प्रयोगशाळांत बर्फ सोन्याच्या आरशावर साचवून परावर्तनाने वर्णपट घेतात. त्यात संवेदनशीलता अधिक मिळते, पण धातूच्या पृष्ठभागामुळे पट्ट्यांचे आकार आणि जागा बदलतात. रासायनिक बदल पाहायचे असतील तर ती रीत वापरावी, आकाशाशी तुलना करायची असेल तर आरपार जाणाऱ्या प्रकाशाचीच.

तापवणे

१० केल्विनचा वर्णपट झाल्यावर ३०, ५०, ७०, ९०, ११०, १३० आणि १५० केल्विनवर थांबत जावे. तासाला २५ केल्विन हा वेग सोयीचा आहे. शुद्ध ॲसिटाल्डिहाइड पाण्याच्या बरेच आधी उडून जाते, मात्र पाण्याच्या बर्फात अडकलेला अंश पाणी १४०-१५० केल्विनच्या आसपास स्फटिकरूप होईपर्यंत टिकतो आणि मग एकदम सुटतो. पाण्याचा ३.१ मायक्रॉनचा पट्टाही त्याच वेळी अरुंद व टोकदार होतो. ही तापमाने प्रयोगशाळेतल्या तासांची आहेत. अवकाशात तीच घटना हजारो वर्षांच्या सवडीने, आणखी कमी तापमानाला घडते. पाण्याचा बर्फ तेथे १०० केल्विनच्या सुमारासच उडू लागतो, म्हणून दोन्ही आकडे एकमेकांशी थेट जोडू नयेत.

प्रयोगानंतर खिडकी पूर्णपणे खोलीच्या तापमानाला येईपर्यंत कक्ष उघडू नये, आणि उघडताना आधी कोरडा नायट्रोजन भरावा.

आधाररेषा आणि तुलना

१३५० च्या पट्ट्याखाली पाण्याच्या पट्ट्याचा उतार असतो. आधाररेषा पट्ट्याच्या दोन्ही बाजूंच्या ठरावीक बिंदूंमधून, कमीत कमी घाताच्या बहुपदीने काढावी, आणि सगळ्या तापमानांना तेच बिंदू ठेवावेत. दर वर्णपटाला डोळ्यांना बरी दिसेल अशी वेगळी रेषा काढणाऱ्याच्या आलेखात रेणू हवे तसे वाढतात आणि घटतात. त्याच प्रमाणातला, पण सेंद्रिय रेणू नसलेला शुद्ध पाण्याचा बर्फ त्याच तापमानांना वेगळा नोंदवून ठेवला, तर तो वजा करून बरेच वाद मिटतात.

निरीक्षकांना शोषणांक नको असतो. त्यांना प्रकाशीय गहनता लागते, म्हणजे शोषणांकाच्या २.३०३ पट, आणि तरंगलांबी मायक्रॉनमध्ये, म्हणजे १०,००० भागिले तरंगसंख्या. कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायॉक्साइड यांच्यासारख्या जोरकस पट्ट्यांचा आकार धूलिकणांच्या आकारानुसारही बदलतो, त्यामुळे तेथे वर्णपटावरून अपवर्तन व शोषणाचे स्थिरांक काढूनच तुलना करावी लागते. विरळ मिसळलेल्या सेंद्रिय रेणूच्या दुबळ्या पट्ट्याला हा परिणाम फारसा जाणवत नाही.

वर्णपटाच्या फाइलच्या माथ्यावर पुढील माहिती लिहावी: रेणू व मिश्रणाचे खिडकीवरून काढलेले प्रमाण, साचवण्याचे आणि नोंदीचे तापमान, तापवण्याचा वेग, रिझोल्यूशन व स्कॅनची संख्या, बर्फ एका बाजूला की दोन्ही, वापरलेली पट्टाशक्ती, साचवण्यापूर्वीचा कक्षाचा दाब, आणि त्याच आठवड्यात घेतलेल्या रिकाम्या प्रयोगात दर तासाला पाण्याचे किती थर बसले तो आकडा. आधाररेषा काढलेल्या वर्णपटाबरोबर न काढलेला मूळ वर्णपट आणि बॅकग्राउंडही जोडावा, म्हणजे दुसऱ्या कोणाला आपली रेषा पटली नाही तर त्याला स्वतःची काढता येते.